ओघळलेल्या खांद्याचा शर्ट

मी एक जुना शर्ट आहे. पांढरा म्हणवतो खरा, पण मित्रांनो, जवळ येऊन पाहिलंत तर बाहीवर कांद्याच्या पातीचे हिरवट डाग दिसतील, पोटाशी गंजाचा एक ठिपका दिसेल, आणि पाठीवर पाखरांनी काय करून ठेवलं होतं ते मी स्वतःच्या तोंडाने सांगणार नाही. मी टेरिकॉटचा. आमचं कापड लवकर मरत नाही. माझ्या बरोबरीचे सुती सदरे केव्हाच फरशी पुसता पुसता विरून गेले, आणि मी सत्तावीस वर्षं झाली तरी आहे. एवढ्या वर्षांत मी तीन माणसांच्या अंगावर राहिलो. त्या तिघांनी मला जे दाखवलं त्याचा अचंबा अजून ओसरलेला नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला बसलो आहे.

माझा जन्म जुन्नरच्या पेठेत, सोपान टेलरच्या दुकानात झाला. सोपान टेलरचा हात सफाईदार होता, पण माणूस फार भिडस्त. एका बाजारच्या दिवशी त्याच्या दुकानात आणे पठारावरचे जानकूबाबा आले. ते मेंढपाळ होते. डोक्याला लाल फेटा, कानात सोन्याच्या बाळ्या, मनगटात चांदीचं कडं आणि डाव्या खांद्यावर घडी घातलेली काळी घोंगडी. मुलाचं, बाळासाहेबाचं लग्न ठरलं होतं. आयुष्यभर बंद बांधायची बंडी घातलेल्या या माणसाला लग्नासाठी कॉलरचा शर्ट हवा होता.

आता इथे माझ्या नशिबाने पहिली कोलांटी मारली. मेंढपाळ माणूस खांद्यावरची घोंगडी वाटेल तिथे उतरवत नाही. ती उतरते ती देवापुढे अंथरायला, नाहीतर पाहुण्याला बसायला. टेलरच्या दुकानात जानकूबाबांना ना देव दिसला ना पाहुणा, तेव्हा ते घोंगडीसकट ताठ उभे राहिले. सोपानने हातात टेप घेतली, घोंगडीकडे पाहिलं, आणि 'भाऊ, ती जरा खाली ठेवता का' एवढं साधं वाक्य काही त्याच्या तोंडातून निघेना. शेवटी त्याने डोळे मिटून घोंगडीवरूनच माप घेतलं.

असा मी जन्मतःच वाकडा झालो. माझा उजवा खांदा माणसाचा आणि डावा खांदा माणूस अधिक घोंगडीचा. उजव्यापेक्षा चार बोटं मोठा, आणि बाहीही त्याच हिशेबाने लांब. शर्ट न्यायला जानकूबाबा आले ते अर्थातच घोंगडी घेऊन. शर्ट अंगात घातला, वर घोंगडी टाकली आणि आरशात पाहून म्हणाले, "टेलर, लई झ्याक बसलाय राव." सोपानने मान खाली घालून हूं म्हटलं.

लग्नात मी पहिल्यांदा माणूस आतून पाहिला. बाहेरून जानकूबाबा म्हणजे रानातला रापलेला गडी, लांडग्यामागे काठी घेऊन धावणारा. पण वरातीपुढे धनगरी गजी नाचाचा ढोल वाजू लागला तसे ते दोन्ही हातांत रंगीत रुमाल घेऊन नाचायला उतरले. कमरेत असे लवत होते, मनगटं अशी अलगद वळवत होते, कानातल्या बाळ्या अशा झुलत होत्या की मी अंगावर असून त्यांच्याकडे बघतच राहिलो. एवढा दणकट माणूस आणि एवढा नाजूक, एकाच वेळी. माझं कापड नवं होतं, फार काही कळत नव्हतं, पण त्या दिवशी मला भरून आलं.

पुढे पठारावर मेंढरांना चारा पुरेना, तेव्हा कुटुंब खाली पिंपरी पेंढारला आलं. तिथे थोडं रान होतं, त्यात कांदा लागू लागला. मेंढरं कमी होत होत बारावर आली. जानकूबाबांचा सगळा जीव त्या बारा मेंढरांत, आणि सगळं रान त्यांच्या बायकोच्या, सुंदराबाईंच्या अंगावर. एका सकाळी कांद्याच्या लागणीला निघताना सुंदराबाईंनी मला दोरीवरून ओढलं, लुगड्यावर चढवलं, बाह्या मनगटापर्यंत खाली घेतल्या आणि चालू लागल्या.

मी दचकलो. मला वाटलं, बाई घाईत चुकली. मी गडीमाणसाचा शर्ट, लग्नात मिरवलेला. पण रानात पोहोचलो आणि पाहतो तर काय, वाफ्यात वाकलेल्या सगळ्या बायकांच्या अंगात नवऱ्यांचे नाहीतर मुलांचे शर्ट. चौकड्यांचे, निळे, एकीच्या अंगात तर मुलाचा शाळेचा गणवेश. ऊन लागू नये, हात खरचटू नयेत, लुगडं मळू नये म्हणून घातलेले. खाली लुगडं, वर शर्ट, डोक्याला बांधलेला टॉवेल. रस्त्याने माणसं जात-येत होती, कुणी वळूनही पाहत नव्हतं.

सुंदराबाईंच्या अंगावर मी वीस वर्षं राहिलो. त्यांच्या पाठीचा घाम मी प्यायलो आहे. वाफ्यात वाकल्या की दुपारच्या भाकरीलाच सरळ व्हायच्या. एकदा लागण चालू असताना बांधावर एक मेंढी विताना अडली. जानकूबाबा पाण्याला गेले होते. सुंदराबाईंनी माझ्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, गुडघे टेकले आणि कोकरू बाहेर काढलं. ते श्वास घेईना तेव्हा माझ्या घेराने त्याचं तोंड पुसलं आणि नाकात फुंकर घातली. कोकरू शिंकलं. मित्रांनो, त्या शिंकेने माझी शिवण न् शिवण हलली. बाईने हात धुतले आणि पुन्हा वाफ्यात वाकली.

शेवटी शेवटी आमच्या भागात बिबटे वाढले. वाकून काम करणाऱ्या माणसाच्या मानेवर झेप येते म्हणून काही जणी गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जाऊ लागल्या. पूर्वी असा पट्टा मेंढरांमागच्या कुत्र्यांना असायचा. सुंदराबाईंनीही तो घातला, माझ्या कॉलरवरून, आणि हसून म्हणाल्या, "आता म्हातारपणी दागिना मिळाला." मला मात्र त्या एखाद्या सरदारासारख्या दिसल्या.

मग दिवस फिरले. जानकूबाबा गेले. सुंदराबाईंचे गुडघे धरले आणि रान सुटलं. माझी कुणाला गरज उरली नाही. मी काही दिवस खुंटीवर लोंबकळलो, आणि मग बाजरी दाण्यावर आली तेव्हा मला काठ्यांच्या फुलीवर चढवून बुजगावणं केलं. डोक्याच्या जागी मडकं, खाली फाटकं परकरासारखं काहीतरी. पाखरांना म्हणे माझी भीती वाटायची. खरं सांगू, ती माझ्या मोठ्या खांद्यावर बसून दाणे टिपायची. मी तसाच हात पसरून उभा होतो. आपलं संपलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाजरी निघाली आणि बुजगावणं मोडायला प्रांजल आली. प्रांजल म्हणजे बाळासाहेबांची मुलगी, सुंदराबाईंची नात. तेव्हा अठराची होती, जुन्नरला कॉलेजात जायची. तिने मडकं बाजूला ठेवलं, काठ्या उपसल्या आणि टाकून देण्यासाठी माझा गोळा केला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने मला झटकलं आणि अंगात घातलं. बाही लोंबली, डावा खांदा दंडावर ओघळला. तिने विहिरीच्या पाण्यात वाकून पाहिलं. पाहतच राहिली. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, पोरगी आजारी पडली.

आजारी नव्हती. लहानपणापासून ती कपड्यांत पाहुण्यासारखी राहत आली होती. आईने आणलेले ड्रेस घातले की अवघडायची. थोरल्या भावाची, सार्थकची जीन्स आणि टी-शर्ट घातला तरी पुन्हा तेच, आता दुसऱ्याच्या घरातली पाहुणी. एकात नुसती मुलगी, दुसऱ्यात नुसता मुलगा, आणि ती या दोन्हींच्या मधे कुठेतरी उभी. हे तिला सांगताही येत नव्हतं. त्या दिवशी विहिरीच्या पाण्यात तिला पहिल्यांदा ओळखीचं कुणीतरी दिसलं.

पण नुसता शर्ट सापडून भागत नाही. पुढची दोन वर्षं तिने जे कष्ट घेतले ते मी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर रोज पाहिले. आधी तिने मला सार्थकच्या पँटीत खोचलं, पट्टा आवळला; अगदी एसटीची कंडक्टर. सुंदराबाई अंगणातून म्हणाल्या, "मंचरचं तिकीट देती का गं?" प्रांजल चिडून आत गेली आणि आरशात पाहून स्वतःच हसली. मग मला लेगिंगवर घातलं, घेराला गाठ मारली; ते आणखी वाईट. एकदा टाय लावला, त्याचं तर आपण नावच काढायला नको. प्रत्येक वेळी ती मला काढायची, घडी करायची आणि वहीत काहीतरी चित्र काढून त्यावर फुली मारायची. त्या वहीत इतक्या फुल्या होत्या, पण तिने वही बंद केली नाही.

मग एके दिवशी ती आजीसमोर बसली आणि म्हणाली, "आजी, लुगडं कसं नेसायचं ते दाखव."

"आता आठवण झाली व्हय?" सुंदराबाई म्हणाल्या, पण डोळे चमकले. जुनं तपकिरी लुगडं काढलं, तिच्या कमरेभोवती फिरवलं, निऱ्या घातल्या आणि कासोटा मागे खोचला. "ह्ये बघ. बाईचं लुगडं आन गड्याचं धोतर, मागनं दोन्ही सारखंच. फरक काय तो पदराचा."

"मग पदर नको," प्रांजल म्हणाली. "पदराचं कापड कमरेलाच गुंडाळ."

सुंदराबाईंनी गुंडाळलं. नडगीपर्यंतचं लुगडं, कासोटा घट्ट, आणि वर मी. मनगटात जानकूबाबांचं कडं. प्रांजल अंगणात चार पावलं चालली आणि तिचं चालणंच बदललं. माझ्या आतली ती अवघडलेली पोरगी सैल झाली. सुंदराबाईंनी तिच्या मनगटातलं कडं सरळ केलं. मग एवढंच म्हणाल्या, "आता कशी तू तू दिसायला लागलीस."

केस तेवढे राहिले होते. कंबरेपर्यंतचे केस तिने जुन्नरला जाऊन कानापर्यंत कापून घेतले. आई हिराबाई दोन दिवस रडत होत्या. मागची बाजू वेडीवाकडी कापली गेली होती. ती सुंदराबाईंनी मेंढरं कातरायच्या कात्रीने सारखी केली. हात कसलेला, पाच मिनिटांत काम झालं. जुन्या चामड्याच्या पट्ट्याला प्रांजलने पितळेची गोल बटणं ठोकली, आजीच्या गळ्यातल्या त्या खिळ्यांच्या पट्ट्यासारखी पण टोचणार नाहीत अशी, आणि तो कमरेला लावला. घरातल्या माणसांकडे इतकं निरखून पाहणारं पोर मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटी ती मला सोपान टेलरकडे घेऊन गेली. सोपान आता म्हातारे झाले होते, जाड चष्म्यातून शिवत होते. मला हातात घेतलं मात्र, त्यांचा चेहरा पडला.

"ह्यो माझ्या हातचा हाय," ते म्हणाले. "आन चूकबी माझीच हाय. तवा जानकूभाऊला घोंगडी उतरा म्हनायचं धाडस झालं न्हाई. इतकी वर्सं ते मनात टोचतंय. दे, खांदा बारीक करून देतो."

"खांद्याला हात लावू नका, काका," प्रांजल म्हणाली. "त्याच्यासाठीच तर मी हा घालते."

"अगं, पन वाकडा दिसतोय."

"उजवीकडून नीट बसतो, डावीकडून ओघळतो. मी नेमकी तशीच हाय. सरळ केला तर तो कुणाचाबी शर्ट होईल."

सोपान टेलरांनी चष्मा काढून पुसला. ज्या चुकीची लाज त्यांनी पंचवीसेक वर्षं बाळगली, ती चूक पुढ्यातली मुलगी जपून वापरत होती. आपल्या व्यंगाला कुणी असं नावाजेल असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मंग बटनं तरी नवी लावू," ते खाकरून म्हणाले. "गड्याची बटनं उजव्या अंगाला असत्यात, बायांची डाव्या. तुझी कुठं लावू?"

प्रांजलने थोडा विचार केला. "आजोबांच्या बंडीला बटनंच नव्हती. बंद व्हते. तसे लावाल?"

सोपान टेलर हसले. त्यांनी माझी सगळी बटणं काढली आणि कापडाचे बंद लावले. बटणं काढताना मला आधी फार वाईट वाटलं, जुनी सोबत होती. पण पहिल्यांदा बंद बांधले गेले तेव्हा मला माझं वजन अर्धं झाल्यासारखं वाटलं.

त्या रूपात ती पहिल्यांदा बाहेर पडली ती लेण्याद्रीला. बरोबर चुलतबहीण प्राची होती, फोटो काढायला. पायऱ्या चढताना लोक वळून पाहत होते. प्रांजलची मान ताठ होती, पण काखेत माझं कापड भिजलं होतं हे मला ठाऊक. वर गेलो. डोंगराच्या पोटात कोरलेला तो प्रचंड मंडप, मधे आधाराला एकही खांब नाही. नको तेवढा दगड काढत गेले आणि हवं ते उरलं. प्रांजल मधोमध उभी राहून वर पाहत होती.

बाहेर येताना एका म्हाताऱ्या बाईने तिला थांबवलं. वरखाली पाहिलं. "पोरगा हायेस का पोरगी गं बाळा?"

"मी प्रांजल, आजी."

"बरं. साजतंय तुला लई. धर माझा हात, पायऱ्या उतरायच्यात."

प्रांजलने तिचा हात धरला आणि तिला शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचवलं. खाली येईपर्यंत माझी काख वाळली होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. यंदा सार्थकचं लग्न ठरलं. मुलगी आंबेगाव तालुक्यातली, मंचरजवळची. आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या पाठीशी त्याची बहीण करवली म्हणून उभी राहते. पाण्याने काठोकाठ भरलेला, वर नारळ ठेवलेला कऱ्हा तिच्या हातात असतो, आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तो हलू द्यायचा नसतो. प्रांजलला हे पाच वर्षांची असल्यापासून करायचं होतं. भातुकलीत सार्थकचं लग्न लागायचं तेव्हाही ही मागे तांब्या घेऊन उभी. एकुलता एक भाऊ. हे उभं राहणं आयुष्यात एकदाच येणार होतं.

हिराबाईंनी तिच्यासाठी हौसेने हिरवा, टिकल्यांचा घागरा आणला. प्रांजल म्हणाली, मी माझ्या कपड्यांत उभी राहीन. बाळासाहेब म्हणाले, "रोज घालतीस, मी काय बोललो का? पन मांडवात न्हाई."

"का पण, आण्णा?"

"पावणं नवीन हायेत. सगळा मांडव तुझ्याकडं बघनार. हसतील तुला."

"हसू द्या."

"तुला चालंल. मला बघवायचं न्हाई." ते दाराकडे वळले. "घागरा घालशील तर तू करवली. न्हाईतर प्राची उभी ऱ्हाईल."

बाळासाहेब वाईट माणूस नव्हेत, मित्रांनो. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या बापाशी भांडणं फार अवघड असतं. प्रांजल खोलीत आली. तिने मला उतरवलं, घागरा घातला आणि आरशासमोर उभी राहिली. मी खाटेवरून पाहत होतो. घागरा खरंच सुरेख होता, तिला शोभतही होता. पण आरशातली मुलगी पुन्हा पाहुणी झाली होती. तिने घागरा काढला, नीट घडी करून आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "प्राचीलाच उभी करा. मी पंगतीत वाढायला थांबते." मग मला ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं. त्या अंधारात मला जेवढं दुःख झालं तेवढं बुजगावणं असतानाही झालं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. सुंदराबाई होत्या. त्यांनी मला बाहेर काढलं आणि ठेवणीतल्या लुगड्यावर स्वतःच्या अंगात घातलं. बंद बांधता येईनात तर तसेच सोडले. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत अंगणात आल्या आणि हळदीला जमलेल्या बायकांत बसल्या. बाळासाहेब मांडवाची दोरी बांधत होते, ते धावत आले.

"आये, ह्ये काय? पावणं येतील आता."

"येऊ देत की. ह्योच शर्ट घालून मी वीस वर्सं तुझ्या रानात वाकले. तवा कुनी हसलं न्हाई."

"ते काम व्हतं, आये."

"मंग हे काय हाय? भावाच्या पाठीशी उभं ऱ्हायचं, कऱ्हा सांडू द्यायचा न्हाई. ह्येबी कामच हाय. ते का कापड बघून जमतंय?"

कांदालागणीच्या टोळीतली एक बाई हळद कालवता कालवता म्हणाली, "आमीबी उद्या कामाचंच शर्ट घालून येतो मांडवात." बायका खळखळून हसल्या. बाळासाहेब मात्र हसले नाहीत, दोरी घेऊन तसेच मागच्या बाजूला निघून गेले. सुंदराबाईंनी मला उतरवलं आणि दारात उभ्या असलेल्या प्रांजलच्या हातात दिलं. "कॉलरीला हळद लागलीय," त्या म्हणाल्या. "धुऊन घे. उद्याला वाळला पायजे."

लग्नाच्या दिवशी प्रांजल तयार झाली. मी, तपकिरी लुगडं, कडं, पितळी पट्टा. हिराबाई आत आल्या. स्वतःच्या नाकातली चमकी काढून मुलीच्या नाकात घातली, आणि पदराने डोळे टिपत बाहेर गेल्या. पण बाळासाहेबांनी अजून हो म्हटलं नव्हतं. प्राचीही घागरा घालून तयार होती, कारण तिला तसं सांगितलं होतं. दोघी मांडवात शेजारी उभ्या राहिल्या. प्राचीने प्रांजलचा हात घट्ट धरला होता.

अंतरपाट धरला. सार्थक त्यापुढे उभा राहिला, हातात कट्यार, तोंडावर मुंडावळ्या. बाळासाहेब कऱ्हा घेऊन आले आणि दोघींच्या समोर थांबले. मागे खुर्च्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. ते बाळासाहेबांनी ऐकलं, प्रांजलने ऐकलं, मीही ऐकलं. ज्याची त्यांना भीती होती ते घडलं होतं. माझ्या आत प्रांजलचं काळीज इतकं जोरात उडत होतं की माझे बंद हलत होते.

बाळासाहेबांनी हसणाऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मला वाटतं, दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. मग कऱ्हा तिच्या हातात दिला.

"नीट धर," ते म्हणाले. "काठोकाठ भरलाय."

नवरदेवाच्या बापाने त्या वेळी पाहुण्यांकडे पाहायचं असतं, फेटे बांधायचे असतात, कोण आलं कोण नाही बघायचं असतं. बाळासाहेब कुठेही गेले नाहीत. ते मुलीच्या शेजारी, तिला खांदा लावून उभे राहिले. मागचं हसणं थांबलं.

नवरदेवाला मागे वळून पाहता येत नाही. सार्थकने समोर बघतच, ओठ न हलवता विचारलं, "मागं कोन हाय?"

"मी हाय, दादा," प्रांजल म्हणाली.

त्याचे ताठरलेले खांदे खाली आले. मंगलाष्टका सुरू झाल्या. अक्षता उडाल्या, माझ्या खिशात शिरल्या, कॉलरीत अडकल्या. एकेक मंगलाष्टक संपत गेलं. कऱ्ह्यातलं पाणी एक थेंबही सांडलं नाही. मी सत्तावीस वर्षांत माणसं नाचताना पाहिली, राबताना पाहिली, मेलेलं वाटणारं कोकरू जिवंत करताना पाहिलं. पण माणसाने आपल्या रूपात नुसतं स्थिर उभं राहणं हेही एवढं मोठं असतं, हे मला त्या मांडवात कळलं.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या शर्टाने शेवटी स्वतःसाठी काही मागावं अशी रीत आहे. मला गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, एवढं पुरे. खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्याही घरात कुणीतरी आरशासमोर उभं असेल, दहा वेळा कपडे घालत असेल, दहा वेळा काढत असेल, वहीत फुल्या मारत असेल. त्याला दारातून हसू नका. ते नटत नसतं, स्वतःला शोधत असतं. एक दिवस ते सापडेल आणि मांडवभर माणसांसमोर उभं राहील. त्या वेळी त्याच्या शेजारी घरातलं एक माणूस लागतं. ते माणूस तुम्ही व्हा.